आधी डोळे, मग हात
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी माझी ओळख 'बेसबॉल शिकवणारे सर' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. साहजिक आहे. धर्मापुरीत आपण विटी-दांडू, लगोरी आणि क्रिकेट खेळलो. बेसबॉल कुणी पाहिला होता? पण आता शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉलही आहे आणि सॉफ्टबॉलही, आणि आपल्यासारख्या गावांतली पोरं-पोरी ते खेळतात. मी एका खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मला मिळालेल्या वेळात मी फक्त झेलाविषयी बोलणार आहे. कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आपल्या गुरुजनांसमोर कबूल करावी असं फार दिवस मनात होतं.

बेसबॉलचा चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा असतो. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, पण टणक तसाच. म्हणून हातात चामडी मोजा घालतात. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं तो डाव्या हातात घालायचा. आपली पोरं पहिल्या दिवशी हमखास उजव्यात घालतात, कारण झेल 'चांगल्या' हातानं घ्यायची सवय! मोजा आला की पोरांना वाटतं, आता लागणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

सहावीतला एक मुलगा चेंडू जवळ आला की डोळे मिटायचा. मी ओरडायचो, "अरे, घाबरतोस काय? बघ चेंडूकडं!" तो म्हणायचा, "सर, आपोआप मिटतेत." मी त्याची भीती मोडायची म्हणून जवळून, जोरात चेंडू टाकत राहिलो. एक चेंडू त्याच्या मोकळ्या हाताच्या मधल्या बोटावर सरळ टोकावर बसला. बोट मोडलं.

दिवाळी तोंडावर होती. तुम्हाला ठाऊक आहे, दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली किती घरं कोयता घेऊन कारखान्याकडं निघतात. मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई मला एक शब्द वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "सर, बोट होईल बरं. पण फडात वाढं कोण बांधंल?" मी ज्याला खेळातली किरकोळ दुखापत समजत होतो, ती त्या घराच्या हंगामाची अडचण होती.

त्या रात्री मला आपल्या शाळेचं मैदान आठवलं. पाचवीत मीही डोळे मिटायचो. आपले खेळाचे सर, जे आज पुढच्या रांगेत बसले आहेत, त्यांनी मला कधी 'घाबरट' म्हटलं नाही. चिंध्यांचा चेंडू बांधून ते चार पावलांवर उभे राहायचे, खालून हळूच टाकायचे आणि म्हणायचे, "आधी डोळे आण, हात मागून येतील." सर, तुम्ही शिकवलेलं मी शिक्षक होताना विसरलो होतो.

त्यानंतर मी पहिल्यापासून सुरुवात केली. आता आमच्याकडं पहिले काही आठवडे टणक चेंडू पेटीतून निघतच नाही. आधी मोज्यांचा गुंडाळा, मग टेनिसचा चेंडू, तोही उघड्या हातांनी. चेंडूवर स्केचपेननं आकडा लिहितो. झेल सुटला तरी चालेल, पण आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा वाचायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. भीती घालवायला मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

मग हात. चेंडू कमरेच्या वर आला तर बोटं आभाळाकडं, अंगठे जवळ. खाली आला तर बोटं जमिनीकडं, करंगळ्या जवळ. बोटांची टोकं चेंडूकडं कधीही करायची नाहीत. त्या मुलाचं बोट तसंच मोडलं, आणि हे त्याला मी आधी शिकवायला हवं होतं. हात लांबवण्याआधी पाय हलवून चेंडूच्या समोर यायचं. चेंडू मोज्यात शिरला की हात थोडे अंगाकडं घ्यायचे, कारण ताठ हातावरून चेंडू उसळतो. मोकळा हात मोज्याच्या बाजूला ठेवायचा आणि चेंडू आत गेल्यावर झाकण घातल्यासारखा वर आणायचा. चेंडू निसटत नाही, आणि पुढची फेकही लवकर निघते.

पोरांना मी एकनाथ सोलकरांची गोष्ट सांगतो. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, हेल्मेटशिवाय उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल! १९७१ मध्ये ओव्हलवर ॲलन नॉटचा त्यानं सूर मारून घेतलेला झेल आजही लोक विसरलेले नाहीत. ते हात जन्मतः तसे नव्हते, सरावानं झाले होते, हे पोरांना पटतं.

तो मुलगा हंगाम संपवून परत आला. बोट किंचित वाकडं राहिलं आहे. मी त्याची माफी मागितली, तर तो लाजून पळाला. दुसऱ्या दिवशी मात्र टेनिसचा चेंडू घेऊन समोर उभा राहिला. पुढं तालुक्याच्या सामन्यात त्यानं एक झेल सोडला, एक घेतला. दोन्ही वेळा त्याचे डोळे उघडे होते.

जाता जाता एक विनंती. आज आपण शाळेसाठी निधी गोळा करतो आहोत. त्यातून खेळाचं साहित्य घेणार असाल, तर टेनिसचे चेंडू भरपूर घ्या. मोजे घ्याल तेव्हा दोन-तीन डावखुऱ्यांसाठी, म्हणजे उजव्या हातात घालायचे घ्या. ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि डावखुरं पोर कडेला बसून राहतं.

सर, तुम्ही टाकलेला चेंडू आम्ही अजून झेलतो आहोत.