तेरणेचा उगम आणि नकाशाचे दोन कागद

(तेरखेडा येथे ग्रामस्थांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



तेरखेडा म्हटले की बाहेरच्या माणसाला फटाके आठवतात. तेरणा आपल्याच परिसरात उगम पावते, हे मात्र आपल्या मुलांनाही सांगावे लागते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा सोबत आणला आहे.

कागद दोन आणावे लागले. ७६ अंश पूर्व रेखांशावर एक संपतो व दुसरा सुरू होतो. तेरणेचा उगम ‘४७ एन’मध्ये, तर तेर ‘५६ बी’मध्ये. दोन्ही जोडल्याखेरीज खोरे डोळ्यांसमोर उभे राहत नाही. तपकिरी समोच्चरेषांवरून बोट फिरवून पाहा. बालाघाटाच्या माथ्यावरचे पाणी पूर्वेकडे वळले तर तेरणा-मांजरेमार्गे गोदावरीस मिळते, पश्चिमेकडे उतरले तर सीना-भीमेमार्गे कृष्णेस.

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. असे नगर आपण विसरलो! विद्वान त्याला कधी देवगिरीत, कधी जुन्नरात शोधत राहिले. इंग्रजी लेखनात तेर ‘थैर’ असे उतरले होते. त्यातून तगर ऐकू येणे कठीणच. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज संशोधकाने तेर हेच तगर असे मांडले. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण गोरोबाकाकांच्या दर्शनाला वारकरी त्याच गावी पिढ्यान्‌पिढ्या जात होते, ही गोष्ट मनाला लागते.

पूर्वी असे नकाशे सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केले. आता अडचण आपलीच आहे. कागदावर निळ्या रेषा पुष्कळ, पण बहुतेक ओढे निनावी. शिवारात मात्र साध्या ओघळीलाही नाव असते. जुन्या पत्रकांवर जिल्हा ‘उस्मानाबाद’ आहे. २०२३ मध्ये ‘धाराशिव’ हे नाव अधिकृत झाले. ओढ्यांच्या नावांसाठी कोणतेही मंत्रिमंडळ बसणार नाही. ती वृद्धांच्या तोंडी आहेत आणि त्यांच्याबरोबरच जातील.

उद्या सकाळी या नकाशाची प्रत घेऊन उगमाकडून ओढ्याच्या काठाने चालायचे आहे. सोबत गुराखी हवेत, आजोबा हवेत, वही घेतलेली शाळकरी मुले हवीत. नाव कळले की तिथल्या तिथे देवनागरीत लिहायचे. जिथे निळी रेषा आहे आणि जमिनीवर नांगर फिरलेला आहे, तिथे तांबडी खूण करायची. शेतमालकाशी बोलणे मागाहून, आणि गोडीने.