आधी चाक, मग रंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी पाच मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं आहे. माझं काम जुन्या गाड्यांची अलॉय चाकं पुन्हा उभी करण्याचं. सध्या मागणी असते ती मॅट फिनिशची, म्हणजे न चमकणाऱ्या रंगाची.

आपल्या लहानपणी फियाट, अँबॅसिडरला पोलादी चाकं असत आणि वर चकचकीत टोपी. अलॉय चाकं मात्र त्याहून जुनी. 1924 साली बुगाटीने टाइप 35 ही शर्यतीची गाडी ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर उतरवली. 1966 साली पोर्शे 911 एसला फुक्स कंपनीची घडीव चाकं आली. त्यांचं मंद रूप रंगाचं नव्हतं. ते ॲनोडायझिंगचं, म्हणजे धातूवरच वाढवलेल्या ऑक्साइडच्या थराचं होतं. अशा चाकावर नुसता रंग मारून मूळ रूप येत नाही. थर काढून पुन्हा ॲनोडायझिंगच करावं लागतं.

रंगवायच्या चाकांची रीत वेगळी. आधी टायर उतरवायचा, तेल आणि ब्रेकची काळी धूळ धुवायची, जुना रंग काढायचा. इथे कॉस्टिक सोडा वापरू नये. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की हायड्रोजन निघतो, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजेच चाक झिजतं. काही जुनी चाकं मॅग्नेशियमची असतात. त्यांचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. म्हणून धातू ओळखल्याशिवाय ग्राइंडर लावायचा नाही.

मग 180, 320, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासायचं. ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, म्हणून एच प्रायमर, त्यावर रंगाचे पातळ हात आणि शेवटी मॅट लॅकर. मॅट म्हणजे अतिसूक्ष्म खडबडीतपणा. प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून चमक दिसत नाही. यात एक अडचण आहे. चकचकीत रंगावरचा डाग पॉलिश करून जातो, पण मॅट घासला की तिथेच चमकायला लागतो. हात चुकला तर पूर्ण चाक पुन्हा करायचं. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारा भाग कोरा ठेवायचा, कारण तिथला रंग दबला की नट सैल होतात. पावडर कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते. उष्णता देऊन कणखर केलेला मिश्रधातू जास्त तापला किंवा फार वेळ तापला तर मऊ पडतो.

आता खरा मुद्दा. गेल्या वर्षी एक गृहस्थ वडिलांच्या गाडीची चार चाकं घेऊन आले. रंग काढल्यावर एका चाकाच्या आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. डाय मारून तपासली, तर तडाच. ते म्हणाले, "लांबी भरा, वर मॅट मारा. कुणाला दिसणार आहे?" ते खरंही होतं. मॅट रंगाखाली काहीही दिसत नाही. पण त्या चाकावर माणसं बसणार होती. मी काम घेतलं नाही. ते रागावून गेले आणि दोन महिन्यांनी दुसरं चाक शोधून परत आले. तडा गेलेलं चाक आता त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. वडिलांची आठवणही राहिली आणि गाडीही रस्त्यावर आहे.

आपल्यापैकी अनेकांकडे घरची जुनी गाडी असेल. चाकं रंगवायला देताना एवढंच म्हणा: रंग काढल्यावर आणि प्रायमर मारण्याआधी मला बोलवा. उघडा धातू डोळ्यांनी बघा, मग रंग ठरवा. आणि चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.