आधी जोडणी तपासा

कवितेचा माणूस कॉम्प्युटरच्या वायरींवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. पण हल्ली पुष्कळ घरांतली मुलंमुली सुटे भाग विकत आणतात आणि आपला पहिला कॉम्प्युटर स्वतःच जोडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, नाहीतर घरपोच पार्सल. भाग कुठूनही येतात. पैसा मात्र साठवलेला असतो. म्हणून सगळं जोडून झाल्यावर आणि बटण दाबण्याआधी अर्धा तास राखून ठेवायला हवा. आजचं बोलणं त्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

पहिली गोष्ट विजेची. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाचा डबा घेतो आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. पुढचं बटण बंद असलं तरी प्लग चालू असताना मदरबोर्डवर थोडी वीज जागी असतेच. म्हणून तपासणी करताना एसएमपीएसचा मागचा खटका बंद करावा आणि प्लग काढून ठेवावा. मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात वीज साठलेली असू शकते. आणि घर जुनं असेल, तर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्यावं.

आता जोडण्या. सगळ्यात मोठा प्लग २४ पिनांचा. इंटेलनं १९९५ साली आणलेल्या एटीएक्स पद्धतीत तो आधी २० पिनांचा होता, पुढे चार वाढल्या. त्याची काही भोकं चौकोनी, काही कोपरे कापलेली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूनं बसतो. बसला की त्याची कडी अडकते. कडी अडकली नसेल तर प्लग अर्धवट आहे, असं समजावं.

दुसरा प्लग प्रोसेसरच्या विजेचा, बहुधा आठ पिनांचा. त्याची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड. ग्राफिक्स कार्डाचाही प्लग आठ पिनांचा असू शकतो, पण दोघांची आतली वायरिंग वेगळी. एकावर सीपीयू लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर पीसीआय-ई. ते वाचूनच लावावं. बसत नसेल तर जोर करू नये. नव्या मोठ्या कार्डांना बारीक पिनांचा वेगळा प्लग असतो. २०२२ साली आरटीएक्स ४०९० या कार्डाचे असे काही प्लग वितळले. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्याचं एक कारण असल्याचं एनव्हिडिया कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं.

रॅमच्या दोन पट्ट्या आणि चार खाचा असतील, तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसरी आणि चौथी खाच वापरायची. पट्टी दोन्ही टोकांना बसली का, ते बघायचं. प्रोसेसरच्या पंख्याची वायर लागली का, आणि त्याच्या बुडाची पारदर्शक फिल्म काढली होती का, हेही आठवून बघायचं. शेवटी पुढच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या नखाएवढ्या वायरी. बटणाला उलटसुलट चालतं, दिव्याला चालत नाही. ‘वदन’ आणि ‘वंदन’ यांत फरक एका टिंबाचा असतो. तेवढंच हे काम बारीक. आणि मॉनिटरची केबल? ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच लावायची, बोर्डाला नाही.

हे तपासायचं कसं, ते मी एका छापखान्यात शिकलो. उमेदवारीत मी तिथं प्रुफं वाचत असे. तिथली रीत अशी, की एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवायचं. एकटा माणूस असायला हवं ते बघतो. दोघं असले की आहे ते दिसतं.

माझ्या धाकट्या लेकीनं शिकवण्या करून दोन वर्षं पैसे साठवले आणि ॲनिमेशनच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर जोडला. मामेभाऊ मदतीला होता. रात्री बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. “अब्बा, बोर्ड गेला,” म्हणाली आणि मटकन खाली बसली. भाचा दुकानदाराला फोन लावायला निघाला. मी म्हटलं, “थांब बेटा, आधी वाचू या.” प्लग काढला. बोर्डासोबतचं पुस्तक मी वाचत गेलो, ती बोट ठेवून “आहे” म्हणत गेली. प्रोसेसरच्या विजेपाशी तिचं बोट पंख्यामागे गेलं आणि तिथंच थांबलं. “अब्बा, इथं काहीच नाही.” ती वायर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला निमूट लोंबत होती.

वायर लावली, बटण दाबलं, तरी पडदा काळाच. मुलीचा हात बंद करायला निघाला. पण पुस्तकात पुढची ओळ होती: नवी डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची चाचणी घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, तोवर बंद करू नये. ती काही मिनिटं आमच्या घरात कोणी बोललं नाही. मग पडद्यावर अक्षरं आली.

तरीही चालू झालं नाही तर? पुष्कळ बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथं अडलंय. प्लग काढून तेवढंच पुन्हा बघावं. रॅमची एकच पट्टी ठेवून बघावं. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. एवढं करून भागलं नाही तर दुकानदाराकडे जावं. तेव्हा काय काय तपासलं, हे नीट सांगता येतं आणि भांडावंही लागत नाही.

अशा वेळी ‘बिघडलं’ म्हणायची आपल्याला फार घाई असते. पुष्कळदा बिघडलेलं काही नसतं, फक्त कुठंतरी लागायचं राहिलेलं असतं. शोधायला वेळ आणि शेजारी एक माणूस लागतो. आपल्या घरात कोणी पहिला कॉम्प्युटर जोडत असेल, तर ‘मला त्यातलं काय कळतं’ म्हणून आत जाऊ नका. वाचता येतं ना? मग पुस्तक हातात घ्या आणि शेजारी बसा.