क्षण, दिनांक आणि वचन



संगणकाच्या भाषेत तारीख आणि वेळ कशी हाताळतात, हा आजचा विषय. तो वाचून कित्येकांना वाटले असेल की, या गोष्टी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या. आपल्याला त्यांचे काय? परंतु आपली पेन्शन, नातवाचा शाळाप्रवेश, विम्याची मुदत, आगगाडीचे आरक्षण, कामगाराची मजुरी, हे सारे आज प्रोग्रॅमवर चालते आणि त्या प्रत्येकात कोठे ना कोठे एखादी तारीख दडलेली असते. ती एका दिवसाने हलली, तर कोणा तरी माणसाचा हक्क हलतो. म्हणून हा विषय जितका गणिताचा, तितकाच न्यायाचाही आहे.

प्रथम हे पाहू, की संगणक काळ मोजतो कसा. त्याची रीत अगदी साधी आहे. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचला मध्यरात्र झाली, तो क्षण शून्य मानावयाचा आणि तेथून सेकंद मोजत जावयाचे. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. पुण्यात असो, पॅरिसमध्ये असो की टोकियोत असो, मोजलेला आकडा सर्वत्र एकच. वार नाही, महिना नाही, सकाळ नाही, संध्याकाळ नाही. नुसता एक वाढत जाणारा आकडा. याला आपण ‘क्षण’ म्हणू.

मग अडचण कोठे येते? ती येते त्या क्षणाला नाव देताना. क्षण निसर्गाचा, पण ‘सोमवार, सकाळी नऊ’ हे नाव माणसाने दिलेले. आणि माणसे ठराव करून नावे बदलतात.

दूर जावयास नको. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या मागे ३९ मिनिटे होती आणि मुंबईकरांनी ती पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. तेव्हा ‘नऊ वाजता भेटू’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या घड्याळाचे नऊ?’ असे विचारावे लागे. पुढे महायुद्ध आले. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे होती. १९४३ साली घड्याळात सकाळचे सात पाहून नोंदलेला जन्म आजच्या प्रमाणवेळेने सहाचा होतो. जुन्या काळच्या जन्मवेळांवर पत्रिका मांडणारे ज्योतिषी हा तास न चुकता वजा करतात. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, हा हिशेब मात्र बरोबर आहे. उलट ‘भारत म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे’ एवढेच पाठ केलेला प्रोग्रॅम त्या तीन वर्षांपुरता चुकीचे उत्तर देईल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने!

याचा अर्थ असा की, गावाची वेळ हा काही एक ठरलेला आकडा नव्हे. तो त्या गावाचा इतिहास आहे. हा इतिहास जमविण्याचे काम अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात आरंभिले. पुढे पॉल एगर्ट यांनी आणि अनेक स्वयंसेवकांनी ते चालविले. कोणत्या देशाने कोणत्या वर्षी घड्याळ किती सरकविले, याची ही जंत्री आज जगभरच्या संगणकांत आणि मोबाईल फोनांत बसलेली आहे. तीत आपले नाव ‘आशिया, कोलकाता’ असे आहे आणि युद्धकाळचा तो तासही तीत नोंदलेला आहे. २०११ साली ज्योतिषाचे प्रोग्रॅम विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने या जंत्रीवर मालकी सांगून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला आणि काही दिवस जंत्री उपलब्ध होईना. इंटरनेटच्या नावा-पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने मग ती आपल्याकडे घेतली आणि २०१२ साली तो खटलाही मागे घेण्यात आला. भूतकाळातील घड्याळे कोणाच्या मालकीची नसतात, हे जगाला त्या निमित्ताने उमगले.

आता थोडे पंचांगाकडे वळू. तिथीचा क्षय होतो आणि तिथीची वृद्धीही होते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. अमेरिकेत असाच प्रकार तासांचा होतो. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनला घड्याळ एकदम तीनवर नेतात. अडीच वाजणे त्या रात्री नाहीच. हा तासाचा क्षय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात. दीड त्या रात्री दोनदा वाजतो. ही तासाची वृद्धी. ज्यांची मुले न्यूयॉर्ककडे आहेत त्यांना ठाऊकच आहे की, उन्हाळ्यात अंतर साडेनऊ तासांचे आणि हिवाळ्यात साडेदहाचे.

आता एक रखवालदार डोळ्यांपुढे आणा. रात्री दहा ते सकाळी सहा ही त्याची पाळी. सहातून दहा मागे मोजले तर आठ तास भरतात. परंतु नोव्हेंबरच्या त्या रात्री तो नऊ तास जागतो! प्रोग्रॅमने घड्याळातील नावांची वजाबाकी केली, तर त्याचा एक तास बुडाला. क्षणांची वजाबाकी केली, तर त्याला न्याय मिळाला. कायद्याच्या पुस्तकातील एक अक्षरही न बदलता एका ओळीच्या चुकीने गरिबाची मजुरी अशी कापली जाऊ शकते.

हा भेद भाषेनेच नीट दाखवावयास हवा. जावा नावाची प्रसिद्ध भाषा १९९६ साली बाहेर आली, तेव्हा तिच्यात ‘डेट’, म्हणजे तारीख, नावाची एक वस्तू होती. पण नाव तारखेचे आणि आत ठेवलेला मात्र क्षण! शिवाय तीत महिने शून्यापासून मोजावयाचे आणि वर्षातून १९०० वजा करावयाचे. आपला स्वातंत्र्यदिन ४७, ७, १५ असा लिहिला, म्हणजे तो १५ ऑगस्ट १९४७ होई. ज्याने सरळ ८ लिहिले, त्याचे स्वातंत्र्य सप्टेंबरात गेले!

पण ही झाली गंमत. खरा धोका त्या नावात होता. समजा, एका मुलीची जन्मतारीख १ जानेवारी २०१९. प्रोग्रॅमने ती आपल्याकडची मध्यरात्र धरून क्षण म्हणून साठविली. त्या क्षणी ग्रीनिचला ३१ डिसेंबर २०१८ ची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. पुढे ग्रीनिचच्या घड्याळाने चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यातून तारीख तेवढी उचलली आणि मुलगी कागदावर एका दिवसाने थोरली झाली. ज्या शाळेत वयाची मर्यादा ३१ डिसेंबरला मोजतात, तेथे हा एक दिवस म्हणजे एक संपूर्ण वर्ष होय. खिडकीपाशी उभ्या असलेल्या तिच्या आईने हे कोणाला समजावून सांगावे?

स्टीफन कोलबोर्न यांनी या गोंधळावर उपाय म्हणून एक वेगळी व्यवस्था प्रथम स्वतंत्रपणे रचली आणि २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत त्याच विचाराची नवी व्यवस्था आली. तीत ‘इन्स्टंट’ म्हणजे नुसता क्षण. ‘लोकलडेट’ म्हणजे नुसता दिनांक, ज्याला घड्याळही नाही आणि गावही नाही. आणि ‘झोन्डडेटटाइम’ म्हणजे गावासकट सांगितलेली वेळ. नवे गणित यात काहीच नाही. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळी नावे दिली, एवढेच. पण निम्मे शहाणपण योग्य नाव देण्यातच असते.

यावर एखादा हुशार तरुण म्हणेल, “जन्मतारीख वगळली, तर बाकी सारे ग्रीनिचच्या वेळेने साठवावे, म्हणजे प्रश्न मिटला!” घडून गेलेल्या गोष्टींपुरते हे खरे आहे. पण पुढच्या गोष्टींचे काय? मोरोक्को देशात २८ ऑक्टोबर २०१८ रोजी घड्याळे तासाने मागे जावयाची होती. सरकारने अवघे दोन दिवस आधी ठरविले की, ती मागे घ्यावयाची नाहीत. आता समजा, तेथील एका रोग्याला डॉक्टरांनी सोमवारी २९ तारखेला सकाळी नऊची वेळ दिली होती आणि प्रोग्रॅमने ती ग्रीनिचच्या नऊमध्ये बदलून ठेवली होती. निर्णयानंतर तोच क्षण तेथल्या दहाचा झाला. डॉक्टर नऊला बसले आणि प्रोग्रॅमने रोग्याला दहाची आठवण दिली! कारण डॉक्टरांनी दिला होता तो क्षण नव्हता. ते वचन होते. वचन गावच्या घड्याळाने दिलेले असते आणि ते गावच्या घड्याळानेच पाळावयाचे असते.

म्हणून या सभेत जे तरुण प्रोग्रॅम लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. समोर वेळ आली की, आधी तिची जात विचारा. घडून गेले ते क्षणाने नोंदवा. पुढचे ठरले ते गावच्या वेळेने आणि गावाच्या नावासकट नोंदवा. जन्मतारखेला तर घड्याळच लावू नका. आणि ज्यांचा या कामाशी संबंध नाही, त्यांनीही आपल्या कागदावरील तारखा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. एका दिवसाचा फरक दिसला, तर ‘संगणकात असेच आहे’ या उत्तरावर परतू नये. संगणकाने सेकंद बरोबरच मोजलेले असतात. नाव देताना माणूस चुकलेला असतो, आणि माणसाची चूक माणसाला दुरुस्त करता येते.