शेगडीची किल्ली

लोणारी कोळशाची शेगडी तुम्हाला ठाऊक असेल. जरा हलवली की पांढरी, भुरभुरीत राख खाली पडते. दगडी कोळशाचं तसं नाही. आपल्या देशातल्या दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. दहा किलो जाळलात, तर तीन-चार किलो राख उरणार. शिवाय जाळ फार तापला तर ती वितळून तिचे खंगर होतात आणि जाळीच्या फटींत घट्ट बसतात. म्हणूनच जुन्या बिडाच्या बंद शेगड्यांना हलती जाळी असे.

आम्हा केडगावकरांना दगडी कोळसा नवा नाही. पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत आगगाडी आली १८५८ मध्ये. पुढे दौंडला इंजिनांची मोठी शेड झाली. रुळाकडेला पडलेला अर्धवट जळका कोळसा वेचून कितीतरी घरांत अंघोळीचं पाणी तापलं.

आमच्या पडवीतली शेगडी आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेली. राखेच्या खणावर बोटाच्या पेराएवढं एक चौकोनी टोक बाहेर आलंय. त्यावर किल्ली चढवून डावी-उजवीकडे हलवली की आतल्या पट्ट्या डुलतात. किल्ली मात्र केव्हाच हरवलेली. आईला थंडीत याच शेगडीवरचं पाणी हवं असतं.

सल्ले पुष्कळ मिळाले. पक्कड लावा, पाना लावा, नाहीतर हातोडीनं ठोका! पक्कड टोकाचे कोपरे खाते, आणि कोपरे एकदा गोल झाले की कुठलीच किल्ली धरत नाही. हातोडीचं तर नावच नको. बीड वाकत नाही, तडकतं. अशी जाळी आता दुकानात मिळणार कुठून?

शेवटी दौंडच्या शेडमधून निवृत्त झालेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका फिटरकाकांना गाठलं. हलत्या जाळीची इंजिनं त्यांनी हाताळलेली. तिथंही असंच असे. बाहेर आलेल्या खुंटावर लांब दांडा चढवायचा आणि जाळी हलवायची. काका म्हणाले, "आधी माप घे. शेगडी गार असताना त्या टोकावर घट्ट कणीक दाब आणि ठसा लोहाराला दे."

कणकेचा ठसा! घरात कोणालाच सुचलं नव्हतं.

चौफुल्याच्या लोहारानं गजाचं टोक लालबुंद करून ऐरणीवर चपटं केलं आणि चौकोनी पोलादी खिळा ठोकून भोक पाडलं. भोक टोकापेक्षा पुठ्ठ्याच्या जाडीइतकं सैल ठेवलं, कारण तापलं की लोखंड फुगतं. अगदी नेमकी बसवलेली किल्ली गरम शेगडीत अडकून बसते. दांडी हातभर लांब, म्हणजे हाताला धग लागत नाही. आणि काम झालं की ती काढूनच ठेवायची.

हलवायची कशी, तेही काकांनीच सांगितलं. "जोर लावायचा न्हाई बाळा. बारके बारके झोके दे. खाली पहिला लाल निखारा पडला, की थांब." सगळी राख झाडली तर पट्ट्यांना थेट धग लागते आणि त्या जळतात. झोका अडला तर समजावं, खंगर बसलंय. ते खालून आकड्यानं सोडवायचं, किल्लीनं नव्हे.

जाळी तुंबली की खालून हवा येत नाही आणि कोळसा धुमसत राहतो. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दार-खिडक्या लावून शेगडीच्या उबेत झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. मोकळी जाळी असली तरी बंद खोलीत शेगडी नकोच. म्हणून आमची पडवीतच असते.

खाली पडलेली राख पत्र्याच्या डब्यात काढून, झाकण लावून, रात्रभर फरशीवर ठेवतो. वरून गार दिसली तरी तिच्या पोटात निखारा तासन्‌तास जिवंत असतो. उकिरड्यावर लगेच टाकली तर शेजारची कडब्याची गंजीही पेटायची.