रुग्णालयाचे हरितपण आणि नावीन्याचे गुण

कचेरी सायंकाळी बंद होते, शाळेला सुटी लागते. रुग्णालयाला मात्र विसावा नसतो. तेथील दिवे, वातानुकूलन, पाणी आणि प्राणवायू यांची व्यवस्था अहोरात्र चालू ठेवावी लागते. म्हणूनच, इमारतींमुळे निसर्गावर पडणारा भार हलका करावा हा विचार जगात रूढ होऊ लागला, तेव्हा रुग्णालयांचा प्रश्न विशेष बिकट ठरला.

इमारतींचे हरितपण पारखणाऱ्या पद्धतींत अमेरिकेतील हरित इमारत परिषदेची ‘लीड’ ही पद्धत सुप्रसिद्ध आहे. भारतात तिचा पाया हैदराबादेत भक्कम झाला. तेथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राला २००३ साली तिचा ‘प्लॅटिनम’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. पुढे २००९ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील डेल बालरुग्णालय हा दर्जा मिळवणारे जगातील पहिले रुग्णालय ठरले.

या पद्धतीच्या २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण ठेवले होते. चाळीस गुणांना प्रमाणपत्र आणि ऐंशीला प्लॅटिनम. बहुतेक गुण जागा, पाणी, ऊर्जा, बांधकामाचे साहित्य आणि आतील हवा यांवर वाटलेले होते. नावीन्यासाठी सहा गुण राखले होते. त्यांपैकी एक, या पद्धतीची परीक्षा उत्तीर्ण झालेला जाणकार कामावर असल्याबद्दल. उरलेले पाच गुण कशावर मिळवावयाचे, हे बांधणाऱ्याने ठरवावयाचे होते. २०२५ सालच्या पाचव्या आवृत्तीत या विभागाची फेररचना झाली. परंतु निवडीचा मूळ प्रश्न सुटला नाही.

येथेच मोह उत्पन्न होतो. प्रवेशद्वाराशी माहितीफलक लावावेत, इमारत पाहावयास येणाऱ्यांसाठी मार्गदर्शनाची सोय करावी, असे केल्याने लोकशिक्षणासाठी गुण पदरात पडू शकतो. त्यांत गैर काही नाही. परंतु खाटेवरील रुग्णाच्या वाट्याला त्यातून काय येते, हा प्रश्न विश्वस्तांनी स्वतःस विचारावयास हवा.

याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. जे कचेरीत हितकर, ते रुग्णालयात घातक ठरू शकते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हात पुढे करताच आपोआप सुरू होणारे नळ बसविले होते. पाणी वाचावे आणि हाताचा स्पर्श टळावा, हा त्यामागील हेतू. तेथील संशोधकांनी पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा अशा नळांच्या निम्म्या नमुन्यांत लेजिओनेला जंतू सापडले; हे निष्कर्ष २०११ साली जाहीर झाले. हाताने फिरविण्याच्या साध्या नळांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. हे जंतू दुर्बल रुग्णाच्या फुफ्फुसाला प्राणघातक दाह उत्पन्न करू शकतात. अखेर रुग्णकक्षांतील ते नळ काढण्यात आले. पाण्याची बचत चांगलीच. परंतु नळीत पाणी साचून राहिले की जंतूंना आसरा मिळतो, हे तेथे विसरून चालत नाही. यास्तव नावीन्याची प्रत्येक कल्पना प्रथम संसर्गप्रतिबंध पाहणाऱ्या वैद्यांपुढे ठेवावी, आणि तेथे उतरली तरच गुणांचा हिशेब मांडावा.

दुसरी कसोटी मोजमापाची. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. तो भिंतींतील नळ्यांवाटे शस्त्रक्रियागृहापर्यंत नेण्याची प्रथा आहे. ब्रिटनमधील काही रुग्णालयांत हिशेब तपासला, तेव्हा विकत घेतलेल्या वायूपैकी बहुतांश भाग रुग्णापर्यंत न पोहोचता गळून जात असल्याचे आढळले. नव्या रुग्णालयात या नळ्या घालूच नयेत, लहान सिलिंडर लागेल तेथे न्यावेत, असा प्रस्ताव नावीन्यासाठी मांडता येईल. त्याचे फळ मोजणे सोपे आहे: किती वायू विकत घेतला आणि किती प्रत्यक्ष वापरला. नळ्यांचा खर्च वाचतो आणि रुग्णाचे काही उणे होत नाही.

कधी नव्या कल्पनेची गरजही नसते. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी अभ्यासून निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या तेवीस रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत, ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्या तेविसांसमोर विटांची भिंत होती, त्यांना ८.७० दिवस लागले. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. प्रकाश आणि दृश्य यांसाठी लीड पद्धतीत वेगळे गुण आहेतच. तेव्हा नावीन्याच्या शोधात अंगणातील झाडे तोडून तेथे काही दिखाऊ रचना उभारणे हा उलटा व्यवहार होईल.

हा सारा विचार आराखडा कागदावर असतानाच झाला पाहिजे. त्या वेळी वास्तुशास्त्रज्ञांबरोबर वैद्य, परिचारिका आणि नळ-वायूची देखभाल करणारे कारागीरही बसले पाहिजेत; कारण कोठे पाणी साचते आणि कोठे वायू गळतो, हे त्यांनाच ठाऊक असते. प्रमाणपत्र भिंतीवर एकदाच लागते. निवडलेल्या गुणांचे बरेवाईट परिणाम मात्र पुढे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला भोगावे लागतात.