बारा महिने, बारा पल्ले
(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता 'ज्येष्ठांचे आर्थिक नियोजन'. तो मी बदलून मागितला. ठेवींचे व्याजदर काय आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. शिवाय गेले वर्षभर गेटवर, जिन्यात, दुधाच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातोय. "काका, तुमचा मुलगा दर महिन्याला पन्नास-पन्नास किलोमीटर पळतो म्हणे. कशासाठी?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगून मी दमलो. आज सगळे एकत्र सापडला आहात, एकदाच सांगून टाकतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्यापेक्षा लांब कुठलीही शर्यत असेल तर तिला अल्ट्रा म्हणतात. कुणी ५० करतो, कुणी १००, कुणी चोवीस तासांत जेवढे जमेल तेवढे. आपल्या जवळचे म्हणाल तर लोणावळ्याला फेब्रुवारीत टाटा अल्ट्रा होते, तिच्यात ५० किलोमीटरचा गट आहे. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरातली एसआरटी होते. अंतराचा अंदाज हवा असेल तर आपल्या राजगुरुनगरहून पुणे साधारण चाळीस-बेचाळीस किलोमीटर. म्हणजे एसटीने पुण्याला जाताना आपण सगळेच एक मॅरेथॉन करतो, फक्त बसून.

हे खूळ आजचे नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून होते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू झाली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जण पोहोचले. तिची मुदत बारा तासांची. बारा तास भरले की एक अधिकारी अंतिम रेषेकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. पाठ अशासाठी, की कोण दोन पावलांनी हुकला हे त्याला दिसू नये. बँकेत साडेतीनला खिडकी बंद करताना आम्हाला असे पाठ करून उभे राहता आले असते तर किती बरे झाले असते!

आणि हे फक्त तरुणांचे आहे असेही नाही. १९८३ साली ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न ८७५ किलोमीटरची शर्यत झाली. ती जिंकली क्लिफ यंग नावाच्या ६१ वर्षांच्या बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याने, ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत. आपल्या खेड तालुक्यात बटाटे पिकवणारे काही कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता आपल्या पुण्याचे उदाहरण. आशिष कासोदेकर. त्यांनी २८ नोव्हेंबर २०२१ पासून रोज एक मॅरेथॉन धावायला सुरुवात केली आणि २६ जानेवारी २०२२ ला, प्रजासत्ताक दिनी, साठावी पूर्ण केली. गिनीज बुकात नोंद झाली. मी कागदावर गुणाकार केला, ६० गुणिले ४२.१९५ म्हणजे २५३१ किलोमीटरच्या वर. वय पन्नाशीचे. त्याआधी लडाखमधली ५५५ किलोमीटरची शर्यतही त्यांनी पूर्ण केलेली होती. आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात किडा शिरला तो इथे. रोज एक करणे नोकरदाराला शक्य नाही. मग म्हणाला, "बाबा, मी महिन्याला एक करतो. जानेवारी ते डिसेंबर. बारा अल्ट्रा, प्रत्येक किमान पन्नासचा."

वय चव्वेचाळीस. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. आठवड्याला पाळी बदलते. घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी, आणि आम्ही दोघे औषधांच्या डब्यासकट. मी म्हटलं, अरे, महिन्याला वारी करणारे वारकरी आपल्याकडे आहेत. शुद्ध एकादशीला पंढरपूर, वद्य एकादशीला आळंदी. पण ते एका दिवसात पळत जात नाहीत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, आणि पालखी त्याला अडीच-तीन आठवडे घेते, मुक्काम करत, जेवत-खात, चार माणसांबरोबर. त्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही चला बरोबर, दिंडी होईल."

तर मी गेलो. धावायला नव्हे. गाडीत बाटल्या, मीठ, केळी, कोरडे मोजे आणि माझी वही घेऊन. लेजर लिहायची सवय चाळीस वर्षांची, ती कुठे जाणार? त्या वहीत वर्षभराची नोंद आहे. किती वाजता किती प्याला, काय खाल्ले, कितव्या किलोमीटरला चिडला, हे सगळे.

वहीतला हिशेब सांगतो, कारण लोकांना वाटते हे सगळे पायाचे काम आहे. माणूस एक किलोमीटर धावला की वजनाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी जाते. मुलाचे वजन ६६ किलो, म्हणजे पन्नास किलोमीटरला ३३०० कॅलरी. आता स्नायूंत आणि यकृतात साखरेची शिल्लक असते सुमारे २००० कॅलरींची. पुढचे काय? थोडे चरबीतून निघते, पण ते सावकाश, मुदतठेव मोडल्यासारखे. उरलेले वाटेत खाऊन भरावे लागते, आणि पोट तासाला साठ ग्रॅमच्या आसपासच साखर पचवते. म्हणून पहिल्या तासापासून, भूक नसताना, खायचे. आमच्याकडे उकडलेले बटाटे मीठ लावून, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि केळी असायची. परदेशी जेलची पाकिटे दोनदा आणली. महाग, आणि त्याला मळमळायचे. बटाटाच खरा.

पाण्याचे मात्र सगळ्यांनी लक्ष देऊन ऐका, कारण हे चालणाऱ्यांनाही लागू आहे. आपल्याला शिकवलंय की घाम आला की भरपूर पाणी प्या. लांब पल्ल्यात नुसते साधे पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम खाली जाते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचे रक्त तपासले, त्यांत १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले. डोके दुखते, उलटी होते, माणूस बरळतो, प्रसंगी जीवही जातो. आणि बघणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाणी पाजतो! तहान लागेल तेवढेच प्यायचे, मीठ-साखर-लिंबू घालून. दुसरे, दुखतंय म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. स्नायू तुटून त्यांचा कचरा आधीच मूत्रपिंडावर आलेला असतो, त्यात ती गोळी आणखी भार टाकते. लघवी चहाच्या रंगाची झाली तर थेट डॉक्टर. हे नियम मी गाडीच्या काचेवर लिहून लावले होते.

आता 'महिन्याला एक' यातली खरी अडचण. महिना हा फार फसवा काळ आहे. ऐकायला वाटते, तीस दिवस हातात आहेत. पण पन्नास किलोमीटर झाल्यावर पहिला आठवडा नुसता अंग सावरण्यात जातो. पुढच्या शर्यतीच्या आधीचा आठवडा पाय ताजे राहावेत म्हणून सराव कमी करायचा. राहिले दोन आठवडे. त्यांत एक रात्रपाळीचा. त्यामुळे वेग वाढवणे वगैरे विसरा, आहे ते टिकले तरी पुष्कळ. मार्चअखेरीस त्याची वेळ जानेवारीपेक्षा चाळीस मिनिटांनी वाढलेली होती. तो वैतागला. मला त्यात वाईट काही दिसले नाही. आठ तासांच्या आत येतोय आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरतोय, एवढे मला पुरे होते.

एप्रिलमध्ये तो एकतिसाव्या किलोमीटरला थांबला. रात्रपाळी करून दोन तास झोपून निघाला होता, साडेनऊलाच ऊन चटके देत होते. रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बाबा, बास." मी वहीत वेळ लिहिली आणि गाडीचे दार उघडले. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी थांबला म्हणून मे महिना दिसला, असे माझे ठाम मत आहे.

मे महिना मला सगळ्यांत आवडला. दिवसा धावणे शक्यच नव्हते, म्हणून परवानगी काढून मैदानावर रात्री धावला. चारशे मीटरचा फेरा, एकशे पंचवीस फेरे. घड्याळ मोजते, पण ते मध्येच चुकते म्हणे. मी आमच्या सौ.कडून एकशे पंचवीस चिंचोके मोजून घेतले. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, प्रत्येक फेऱ्याला एक. कॅशिअर असताना नोटा मोजल्या तेव्हाही इतके लक्ष दिले नसेल. रात्री दोनच्या सुमारास नात जागी झाली, माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली आणि तिने वाटी ताब्यात घेतली. बाप समोरून गेला की ओरडायची, "पप्पा, एकेचाळीस राहिले!" पहाटे शेवटचा चिंचोका पडला तेव्हा मैदानावर आम्ही तिघे आणि दोन कुत्री होतो.

जुलैत भीमाशंकरच्या रस्त्याने गेला. आपल्याकडून वाड्यामार्गे भीमाशंकर साठ किलोमीटरच्या वर आहे, तिथवर जायचे नव्हतेच, पन्नास झाले की थांबायचे. पुढे पावसाने असे झोडपले की वायपर चालू असूनही मला पोरगा दिसेना. ओल्या बुटात पायाला फोड येतात, म्हणून दर दहा किलोमीटरला मोजे बदलायचे आणि व्हॅसलीन चोळायचे. पाच जोड संपले.

ऑगस्ट पुन्हा अर्धवट राहिला, गुडघा. ऑक्टोबर सुरूच झाला नाही, कारण सूनबाईंना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत होत्या आणि हा दवाखान्यात बाकावर बसून होता. एका शेजाऱ्यांनी तिथेच विचारले, "मग या महिन्याचे कसे करणार?" मी काही बोललो नाही.

सूनबाईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. या उद्योगाचा खर्च वहीत पूर्ण उतरलेला नाही. बूट सहाशे-आठशे किलोमीटरला बदलावे लागतात, वर्षात चार जोड, ते लिहिले आहे. पण तिचे रविवार कुठल्या खात्यात टाकायचे? ती एकदा म्हणाली, "छंद यांचा, रविवार माझा." त्यावर घरात बसून ठरले. धावायचा रविवार एक. उरलेल्या रविवारी सकाळी नाश्ता तो करणार आणि ती कुठेही जाणार, विचारायचे नाही. पोहे बरे करतो आता.

तर बारापैकी नऊ झाले. दोन अर्धवट, एक निघालाच नाही. लोक विचारतात, "म्हणजे पूर्ण नाही ना झाले?" नाही झाले. नऊ झाले. बँकेच्या भाषेत हे खाते थकीत धरायचे की नियमित, यावर मी आणि माझे एक निवृत्त मित्र अजून वाद घालतो. तो स्वतः यंदा पुन्हा करणार का? त्याने अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

मला जी धास्ती वर्षभर होती ती गुडघ्याची नव्हती, रस्त्याची होती. पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे पाचला कंपन्यांच्या बस, कंटेनर, दुधाच्या गाड्या, सगळे एकदम सुटतात. कडेला चालायला जागा नाही. फौजा सिंग तुम्हाला ठाऊक असतील. वयाच्या ८९ व्या वर्षी मॅरेथॉन धावायला लागले, शंभराव्या वर्षी टोरांटोत पूर्ण केली. १४ जुलै २०२५ ला जालंधरजवळ आपल्याच गावापाशी गाडीने उडवले, त्यात ते गेले. एकशे चौदा वर्षांचे होते. ती बातमी वाचल्यावर मी मुलाला दोन आठवडे हायवेकडे फिरकू दिले नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक विनंती ठेवतो, अध्यक्ष समोरच बसलेत. आपल्या सोसायटीच्या आतल्या रस्त्याचा पूर्ण फेरा मी टेपने मोजला आहे. दोनशे दहा मीटर भरतो. चोवीस फेरे म्हणजे पाच किलोमीटरला वर चाळीस मीटर. रविवारी पहाटे पाच ते साडेसहा आतल्या रस्त्यावर गाड्या फिरवायच्या नाहीत आणि पाण्याच्या टाकीजवळचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करायचा, एवढेच. दिव्याचा खर्च मी देतो. ज्येष्ठांनी चालावे, पोरांनी पळावे. येत्या रविवारपासून मी पाच वाजता गेटपाशी असेन. येणाऱ्यांनी घरी सांगून यावे, ज्यांना रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. चिंचोके मी आणतो.